खेकड्याचं वर्तुळ

मोजली तर सात भरली. पुन्हा मोजली. सातच.

थाळी माझ्या हातात होती, पळी खाली पडली होती. खळ्यावर गेरूने आठ वर्तुळं काढलेली होती आणि प्रत्येकात एक चित्र. कोंबडी, चंद्र, छत्री, मासा, पान, चूल, बैल यांच्या वर्तुळांत सात पोरं शिकवल्याप्रमाणे मांडी घालून बसली होती. खेकड्याचं वर्तुळ रिकामं होतं.

माझ्या पाठीमागे विटांची खोली होती. म्हणजे घटकाभरापूर्वी होती. आता तिची मागची भिंत आत बसली होती, पत्रे एका अंगाने खाली आले होते आणि त्यावर धूळ उभी होती. वारा नव्हता. ती धूळ खालीही बसेना आणि उडूनही जाईना. कुत्री, कोंबड्या, कावळे, कोणाचाच आवाज नव्हता.

"ती कुठंय?" मी विचारलं.

सातांतलं एकही रडलं नाही. कोंबडीच्या वर्तुळातला मुलगा चार वर्षांचा होता. त्याने हनुवटीने जमिनीकडे दाखवलं आणि पाणी मागावं तितक्या साधेपणाने म्हणाला, "ती खालच्याकडे गेली."

मी भित्री बाई नाही. पण तेव्हा मी तिसऱ्यांदा मोजली.

हे २०१९ सालातलं, माघातलं, भर दुपारचं.

मुलं सांभाळायचं काम मी हौसेने घेतलं नव्हतं. आमचा पाडा तलासरीच्या आतल्या अंगाला आहे. २०१४ साली माझी सून गुजरातच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यात जायला लागली. सकाळी साडेसहाला नाक्यावर जीप यायची, संध्याकाळी सहाला सोडायची. नातू दोन वर्षांचा, तो माझ्याकडे राहिला. मग शेजारणीने आपलं एक आणून ठेवलं. मग तिच्या जावेने. मी नाही म्हटलं असतं तर त्यांच्या मोठ्या मुली शाळा सोडून पोरं कडेवर घेऊन बसल्या असत्या. मी स्वतः चौथीनंतर अशीच घरी बसले, भाऊ कडेवर घेऊन. म्हणून नाही म्हटलं नाही. त्यापलीकडे त्यात काही मोठेपणा नव्हता.

मी पोरांना दोरीने खाटेच्या पायाला बांधायचे. सांगायला लाज वाटत नाही, आमच्याकडे सगळ्या बांधायच्या. अंगणात विहीर, घरात चूल, आणि मी एकटी. पोराच्या कमरेला मऊ फडकं, त्याला दोरी, दोरी खाटेला. पोर दोरी पुरेल तितकं फिरायचं, मग बसायचं, मग झोपायचं. एकही मेलं नाही. माझ्या हिशेबाने काम चोख होतं.

दुसऱ्या वर्षी डहाणूच्या एका संस्थेची ताई स्कूटीवरून आली. पंचवीसेक वर्षांची असेल. घरात मुलं सांभाळणाऱ्या बायांना शिकवायचं काम करायची. दारात उभी राहून तिने खाटेकडे बघितलं.

"आजी, हे काय?"

"दोरी."

"ते दिसतंय मला. बांधलंय कशाला?"

"सुटलं तर विहिरीत जाईल. चुलीत जाईल. तू येणार आहेस काढायला?"

"विहिरीवर जाळं घालू. चुलीला आडोसा करू."

"आणि मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"तुम्ही त्यांच्याबरोबर खाली बसा. बांधलेलं पोर शिकत नाही आजी."

"दीड वर्षाच्या पोराने शिकून काय तलाठी व्हायचंय?"

ती हसली, पण गेली नाही. पुढच्या आठवड्यात नरपडच्या मच्छीमारांकडून फाटकं जाळं घेऊन आली. आम्ही दोघींनी ते दुहेरी करून विहिरीच्या तोंडावर ताणून बांधलं. कारवीच्या काठ्यांचा आडोसा चुलीपुढे उभा केला. मग तिने माझ्यादेखत दोऱ्या सोडल्या. पोरं तासभर जागची हलली नाहीत. दोरी आहे असंच समजून तेवढ्यातच फिरत राहिली. माझा नातू खाटेपासून चार हातांवर थांबायचा, आणि पुढे काहीच नसताना मागे वळायचा.

मग ताईने मला कामाला लावलं. विकतचं खेळणं आणायचं नाही. बांबूच्या नळ्या, करवंट्या, बाटल्यांची झाकणं, ओली माती, पाण्याचं घमेलं. लहान मोठं लावायचं, ओतायचं, भरायचं, गाठ मारायची आणि सोडायची. चिकूच्या बिया तिनेच आणल्या आणि मीच परत दिल्या. चिकूच्या बीला टोकाला आकडा असतो, तो पोराच्या घशात अडकतो, हे तिला शहरात कोणी सांगितलं नव्हतं. ती वहीत लिहून घेऊन म्हणाली, "बघा, तुम्हीही मला शिकवता." मी म्हटलं, "मग पगार अर्धा अर्धा करू."

एक गोष्ट तिने माझ्याकडून घोकून घेतली. पोर खेळात असलं की तोंड बंद ठेवायचं. बघायचं. ते आपल्याकडे बघेल तेव्हा उत्तर द्यायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. मला ते जमायला वर्ष लागलं.

शेजारचा म्हातारा, माझ्या मालकांचा चुलतभाऊ, कुंपणावरून बघायचा आणि ओरडायचा, "वहिनी, पोरं सांभाळतेस का सर्कस काढलीस?"

"तिकीट काढून ये आत," मी म्हणायचे.

२०१७ साली खेकडेवाली आली. तेव्हा वर्तुळं नव्हती, खेकडाही नव्हता, पण मी तिला आता खेकडेवालीच म्हणणार. दोन वर्षांची होती. आई सुनेच्याच जीपने जाणारी. पोर बोलत नव्हतं. रडणंसुद्धा तोंड मिटून. बाया म्हणाल्या मुकी आहे. आईने मला एवढंच सांगितलं, "आजी, हिला ऐकू येतं. बोलत का नाही ते बघ."

मी ताईने शिकवलं तसं केलं. हंडा पालथा घातला, तिच्यासमोर बसले आणि तीनदा ठोकलं. टक टक टक. आणि थांबले. तिने बघितलं आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवस मी बाई वेडी झाल्यासारखी हंडा ठोकत होते. पाचव्या दिवशी ती आली, हंड्याला कान लावला, आणि माझ्याकडे न बघता तीनदा ठोकलं. मग मी दोनदा. तिने दोनदा. असं आमचं बोलणं सुरू झालं. सहा महिन्यांनी पहिला शब्द आला, "अजून." त्यानंतर बोलायला लागली, पण कमीच. आणि कान लावायची सवय राहिली. खांबाला, भिंतीला, झोपलेल्या बाळाच्या पोटाला, जमिनीला.

त्याच सुमाराला घरकुल योजनेतून आमची विटांची खोली उभी राहिली. जुन्या, काठ्यांना शेणमाती लिंपलेल्या कुडाच्या घराला लागूनच. खाली लाद्या, वर पत्रे. मला तिचा फार अभिमान होता. मुलं मी तिकडे हलवली. लादी पुसायला सोपी, सारवायला नको, साप विंचू येत नाही. ताईही म्हणाली छान आहे. आम्ही दोघी मिळून चुकलो, पण ते कळायला वर्ष जायचं होतं.

२०१८ ची दिवाळी झाली आणि जमिनीतून आवाज यायला लागले.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे. खाणीत सुरुंग उडवतात तसा, पण लांबून येत नाही, तुमच्या बुडाखालून येतो. आधी धप्प. मग मांडणीवरची भांडी एकमेकांना लागतात. मग पायाखालून काहीतरी निघून गेल्यासारखं. घागरीतलं पाणी थरथरतं आणि मधोमध गोल गोल वळ्या उमटतात. मग सगळं गप्प. आणि ते गप्प होणंच वाईट. कधी दिवसातून एकदा, कधी चार चारदा. साहेब लोक आले, बाहेर झोपा म्हणून सांगून गेले. ताडपत्र्या आल्या. थंडीत सगळा पाडा शेतात झोपायला लागला. पण जीप काही थांबली नाही. साडेसहाला यायचीच. म्हणून मुलंही यायचीच.

मोठी माणसं घाबरली होती. पोरांनी त्याचा खेळ केला.

एका दुपारी मी जेवणासाठी पळसाची पानं मांडायला सांगितली. पानं मांडणं हे मोजणं शिकवायला चांगलं, प्रत्येकासमोर एक. बघते तर आठ मुलं आणि नऊ पानं.

"एक जास्त का?"

"खालच्याचं," कोंबडीवाला म्हणाला.

"कोण खालचा?"

"तो ठोकतो तो. त्याला भूक लागलीय आजी. म्हणून ठोकतो."

मला हसू आलं. मी ते पान उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. कोणी शिकवलं, कोणी ठरवलं, ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं तेव्हा सगळी खेकडेवालीकडे बघायला लागली आणि ती जमिनीकडे.

मग बाकीचीही तिच्यासारखी पालथी पडून लादीला कान लावायला लागली. एकाने तीनदा ठोकायचं, सगळ्यांनी श्वास धरून थांबायचं. बराच वेळ. आठ पोरं श्वास धरून पालथी पडलेली बघणं बरं वाटत नाही. मेल्यासारखी दिसतात. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "भीती अशी खेळातूनच बाहेर पडते आजी. खेळू द्या." मी खेळू दिलं. एक दिवस त्यांनी ठोकलं, थांबली, आणि खालून धप्प झालं. खोली हलली. पोरं टाळ्या पिटून नाचायला लागली, "बोलला! बोलला!"

त्या दिवशी मी तो खेळ बंद केला. भुतंखेतं मी मानत नाही. घाबरले म्हणून बंद केला.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाला बोलले नव्हते. खेकडेवालीला आधी कळायचं. हातातलं टाकून ती मान तिरकी करायची आणि हळूच म्हणायची, "आला." त्यानंतर चुलीवरचं भांडं उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा जायचा, आणि धप्प. दर वेळी नाही. पण दहातून सात आठ वेळा. मी काय केलं? मी तिला उंबऱ्याशी बसवायला लागले आणि सारखं तिच्या तोंडाकडे बघायला लागले. चार वर्षांच्या पोरीला मी राखणदार केली.

गेरूची वर्तुळं ताईची कल्पना. पोराला नाव वाचता येत नाही, चित्र ओळखता येतं. ज्याने जे चित्र मागितलं ते त्याला दिलं. खेकडेवालीने खेकडा मागितला, का ते सांगितलं नाही. थाळी वाजली की असेल ते टाकून बाहेर पळायचं आणि आपल्या चित्रावर बसायचं. रोज दोनदा हा खेळ. पोरांना फार आवडायचा. रिकामं वर्तुळ बघितलं की कोण राहिलं ते लगेच कळायचं.

विटांच्या भिंतीत तडा गेला होता. पहिल्यांदा मला मुलांमुळेच कळलं. ती कोळशाने तड्याच्या टोकाला खूण करायची. आठवड्याने तडा खुणेच्या पुढे. मग नवी खूण. पाच खुणा झाल्या. एक पोर मला बोटाने दाखवत म्हणालं, "आजी, ही चालते." तेव्हा मी उठले. त्याच दिवशी मुलं परत कुडाच्या घरात आणली. कूड हलतो, वाकतो, पडत नाही. माझ्या सासूने बांधलेला होता. लाद्यांच्या नादाने मी पोरांना त्यातून काढून विटांखाली नेऊन बसवलं होतं.

रिकाम्या खोलीत माझ्या मुलाने जुनी कणगी नेऊन ठेवली. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी उभी टोपली, शेणामातीने लिंपलेली, माझ्या छातीइतकी उंच. त्या साली भात कमी झाल्याने ती रिकामी होती, तळाला थोडा कोंडा. खोलीच्या दाराची चौकट सरकली होती, कडी बसत नव्हती. म्हणून मी दार दोरीने बांधलं. पोरांना बांधायची तीच जुनी दोरी. गाठ सोडायला मीच शिकवलं होतं, ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

आता लपाछपीचं सांगते. सगळं त्यावरच आलं.

पोरं लबाडी करायची. लपलेल्याला बाहेर काढायला "तुझी आई आली गं!" असं ओरडायची. खेकडेवाली दोनदा अशी धावत बाहेर आली. दुसऱ्या वेळी नाक्याच्या रस्त्यापर्यंत पळाली आणि तिथे नुसतीच उभी राहिली. तिला आणून मी सगळ्यांसमोर नियम केला. "कोणी काही म्हणो, कोणी काही वाजवो, लपलेल्याने निघायचं नाही. आजीचा हात डोक्यावर पडला की सापडला. तोवर श्वास बाहेर काढायचा नाही." वाजवो हा शब्द माझ्याच तोंडचा. पोरं वाटी वाजवूनही फसवायची, म्हणून म्हटलं होतं. थाळी माझ्या डोक्यात नव्हती.

त्या दुपारी राज्य माझ्यावर होतं. खांबाला डोकं टेकून मी दहापर्यंत मोजलं. पाच सापडली, त्यांच्या डोक्यांवर हात ठेवला, ती हसली. तीन राहिली होती. उंबऱ्याशी कोणी नव्हतं, म्हणून "आला" म्हणायलाही कोणी नव्हतं.

धप्प नाही झालं या वेळी. आधी घरघर झाली, जातं फिरावं तशी, आणि ती जवळ आली. कूड माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे गेला आणि परत आला. मी थाळी घेतली आणि बडवत बाहेर पळाले. सापडलेली पाच माझ्याआधी वर्तुळात. न सापडलेली दोन गोठ्यातून धावत आली. ती दोघं कुठलाच नियम पाळत नसत. नियम पाळणारी एकटी होती, ती आली नाही. मागे भिंत बसल्याचा आवाज मी ऐकला, पण वळून बघितलं ते मोजल्यावर.

मी हाका मारल्या. थाळी वाजवली. "खेळ संपला, बाहेर ये!" असं घसा फाटेपर्यंत ओरडले. आणि ओरडताना मला कळत होतं की मेलेली असेल तर ती गप्प असणार आणि जिवंत असेल तरी गप्पच असणार. मीच तसं सांगितलं होतं. तिची खरी आई येऊन उभी राहिली असती तरी ती निघाली नसती.

म्हातारा आला, तीन बाया आल्या. धडधाकट माणसं कामावर, पाड्यात उरलेले आम्हीच. कोणी विहिरीत बघितलं, जाळं शाबूत होतं. कोणी पेंढा उपसला. मी विटांच्या खोलीच्या दाराशी गेले. दार चौकटीसकट तिरकं झालं होतं. दोरी खाली पडली होती. तुटलेली नव्हती. सोडलेली.

"आत आहे," मी म्हणाले.

"कुठे आत?" म्हातारा म्हणाला. "वहिनी, पत्रा बघ. एका विटेवर टेकलाय. चुकीच्या जागी हात घातलास तर वरचं सगळं खाली येईल."

खरं होतं. अर्ध्या खोलीत विटांचा ढीग. कुठून सुरू करायचं?

तेवढ्यात कोंबडीवाला वर्तुळातून उठला. मी त्याला ओरडले नाही, कारण माझं लक्षच नव्हतं. तो ढिगाच्या कडेला आला, पालथा पडला, जमिनीला कान लावला, आणि विटेवर दगडाने तीनदा ठोकलं. मग श्वास धरून पडून राहिला.

आम्हीही श्वास धरला.

टक टक टक.

खालून आलं. बारीक, पण सगळ्यांनी ऐकलं. बाया एकदम मागे सरकल्या. एकीने पदराने तोंड झाकलं. म्हाताऱ्याने माझा दंड धरला.

"उत्तर देऊ नकोस वहिनी. तीन महिने ठोकतंय ते. आता घेऊन गेलंय, अजून मागेल."

"तुला मागणार नाही तो," मी म्हणाले. "तुझ्या हाडांत आहे काय?"

मी दगड घेतला आणि दोनदा ठोकलं. टक टक.

टक टक.

हे आमचं जुनं बोलणं होतं. हंड्यावरचं. आवाज डाव्या कोपऱ्यातून येत होता, आणि डाव्या कोपऱ्यात कणगी होती.

"पत्रा खांद्यावर धर," मी म्हाताऱ्याला म्हणाले.

तो थुंकला, धोतर वर खोचलं आणि पत्र्याखाली खांदा दिला. घाबरलेला होता, तरी दिला. हे मी त्याच्याबद्दल लिहून ठेवते, कारण पाड्यात कोणी सांगणार नाही. बायांनी आणि मी एकेक वीट काढली. घाई केली नाही. मध्ये एकदा जमीन हलली, पत्रा म्हाताऱ्याच्या खांद्यात रुतला, तो आईवरून शिवी घालून तसाच उभा राहिला.

कणगी दिसली. एका बाजूने चेपली होती, तोंडावर विटा बसल्या होत्या, पण बांबू नुसता वाकला होता, मोडला नव्हता. कोयत्याने मी बाजूचं लिंपण फोडलं आणि वेळूच्या पट्ट्या कापल्या. आत अंधार आणि कोंड्याचा वास. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही हात डोळ्यांवर. अंगावर धुळीचा जाड थर.

"पोरी," मी म्हणाले. हलली नाही.

"पोरी, मी आजी."

काही नाही. एका बाईने मागून हुंदका दिला. मग मला सुचलं. मी हात आत घातला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. डोकं गरम होतं.

तिने डोळ्यांवरचे हात काढले. तिच्या गालांवर आणि डोळ्यांभोवती हातांच्या जागा स्वच्छ होत्या, बाकी सगळं तोंड मातीचं.

"मी सापडली?" तिने विचारलं.

"सापडलीस."

बाहेर काढल्यावर मी तिची हाडं तपासली. ढोपर खरचटलं होतं, एवढंच. पाणी पाजलं. मग म्हणाले, "शहाणी गं. ठोकून सांगितलंस ते बरं केलंस."

तिने मान हलवली. "मी नाही ठोकलं."

"मग कोणी ठोकलं?"

"माझे हात डोळ्यांवर होते," ती म्हणाली. "खालच्याने ठोकलं."

मी पुन्हा विचारलं नाही. ती खोटं बोलणारी पोर नव्हती. पण चार वर्षांचं पोर धुळीतून निघाल्यावर काय बोलतं ते धरून बसायचं नसतं. गालांवरच्या त्या स्वच्छ जागा मात्र मी बघितल्या आहेत. धूळ बसली तेव्हापासून ते हात हलले नव्हते.

संध्याकाळी सहाला जीप आली. बातमी नाक्यावरच कळली असणार, कारण बाया चालत आल्या नाहीत, पळत आल्या. खळ्यावर येऊन प्रत्येकीने आपलं पोर उचललं. खेकडेवालीच्या आईने उचललं नाही. ती मुलीसमोर उकिडवी बसून नुसती बघत राहिली.

मी तिला सरळ सांगितलं. "भिंतीखाली होती. माझ्या नियमामुळे गप्प बसली. दोरी मी बांधली, ती धड बांधली नाही. चूक माझी आहे. तुला दुसरीकडे ठेवायची असेल तर ठेव."

तिने पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "दुसरीकडे म्हणजे कुठे, आजी?"

मी पोरीच्या केसांतला कोंडा काढायला लागले.

"उद्या आणते," ती म्हणाली. "पण नियम बदल."

तो मी त्याच आठवड्यात बदलला. थाळी सगळ्यांच्या वर. लपा, झोपा, काही करा, थाळी वाजली की आपल्या चित्रावर. खेकडेवालीला पटेना. ती थाळी ऐकून लपलेलीच राहायची आणि मी जाऊन डोक्यावर हात ठेवायची वाट बघायची. मग मी तिलाच थाळी दिली. ती वाजवायची, मी लपायचे, आणि म्हातारी मी धडपडत येऊन खेकड्यावर बसायचे. पोरं हसून लोळायची. असं किती दिवस केलं ते आठवत नाही. एक दिवस मी वाजवली आणि ती आली.

म्हाताऱ्याने पडक्या खोलीच्या कोपऱ्यात पानावर भात ठेवला. मुलं जेवायला अजून नऊ पानं मांडायची, आणि नववं उचलून ठेवायचं मी सोडून दिलं.

त्या दुपारी माझ्या घरी आठ मुलं होती. आठही जगली. मीही.